यंत्र श्रेष्ठ की स्वार?

मोटारसायकलींच्या शर्यतींची आवड असलेल्या मंडळींत एक वाद कायमचा वस्तीला आलेला आहे. शर्यत संपून विजेत्याचे नाव पुकारले जाते न जाते तोच दोन तट पडतात. एका तटाचे म्हणणे असे की, असले यंत्र हाताखाली असल्यावर कोणीही जिंकला असता. दुसरा तट ताबडतोब विचारतो की, तेच यंत्र त्याच्या जोडीदाराकडेही होते, मग तो आठवा का आला? दोन्ही बाजूंना दाखल्यांचा तोटा नसतो; आणि गंमत अशी की, पुष्कळदा दोघेही एकाच शर्यतीचा दाखला देत असतात.

वस्तुतः हा वाद मोटारसायकलीहून जुना आहे. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याचे भांडवलच बुडे, पण तो घोडा त्याने स्वतः पारखून घेतलेला, त्याच्या मांडीखाली मुरलेला असे. बारगिराचे भांडवल बुडत नसे. मात्र पागेतून कोणते जनावर पुढ्यात येईल, हे ठरविणारा दुसराच. जागतिक सुपरबाइक स्पर्धेतील अव्वल स्वार हे या अर्थाने बारगीर होत. यंत्र कारखान्याचे, अभियंते कारखान्याचे, पैसाही कारखान्याचा. स्वाराचे स्वतःचे असे काय, तर दोन हात, दोन डोळे आणि हाडे. मनासारखे यश आले नाही की कारखाना वर्षअखेरीस स्वार बदलतो. स्वारालाही कारखाना बदलता येतो, पण त्याच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात. म्हणून हा प्रश्न प्रेक्षकाच्या दृष्टीने करमणुकीचा असला, तरी स्वाराच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न आहे.

या स्पर्धेचे स्वरूप थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मोटोजीपी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रां प्री शर्यतींत धावणारी यंत्रे केवळ शर्यतीसाठीच घडविलेली असतात. ती कोणाला विकत मिळत नाहीत. सुपरबाइकच्या शर्यतीत मात्र दुकानात विकली जाणारी मोटारसायकलच सुधारून उतरवावी लागते. जागतिक स्पर्धा १९८८ साली सुरू झाली आणि अमेरिकेच्या फ्रेड मर्केलने होंडावर पहिले विजेतेपद मिळविले. त्या काळी चार सिलिंडरांच्या इंजिनाला ७५० घनसेंटिमीटरांची मर्यादा होती, तर दोन सिलिंडरांच्या इंजिनाला १,००० घनसेंटिमीटरांपर्यंत मुभा होती. शिवाय आरंभीच्या वर्षांत वजनातही सवलत होती. इटलीतील डुकाटी कारखाना दोन सिलिंडरांच्या इंजिनांत मुरलेला. या तरतुदीचा त्याने असा लाभ उठविला की, १९९० ते १९९९ या दहा हंगामांपैकी आठ हंगामांची विजेतीपदे डुकाटीच्या स्वारांकडे गेली.

यंत्राच्या बाजूने बोलणाऱ्याला येथे हुकमी एक्का सापडतो. स्वार बदलत गेले. रेमों रोश, डग पोलन, कार्ल फोगर्टी, ट्रॉय कॉर्सर, अशी निरनिराळ्या देशांची आणि निरनिराळ्या स्वभावांची माणसे आली. पण वाहन तेच. खुद्द होंडानेच या मताला मान्यता दिली म्हणावी, कारण २००० सालच्या हंगामासाठी आपले चार सिलिंडरांचे यंत्र बाजूला ठेवून त्या बलाढ्य जपानी कारखान्याने डुकाटीसारखेच दोन सिलिंडरांचे यंत्र उतरविले. आदल्या वर्षी दुसरा आलेला कॉलिन एडवर्ड्स नव्या यंत्रावर पहिला आला. एवढ्यावर निकाल देऊन टाकावा असा मोह होतो. परंतु त्याच हंगामाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील फिलिप आयलंड येथे गतविजेता फोगर्टी पडला, त्याचा हात मोडला, आणि तो पुन्हा कधीही शर्यतीत उतरला नाही. तेव्हा एडवर्ड्सच्या वाटेतून डुकाटीचे यंत्र दूर झाले होते की डुकाटीचा स्वार, हे कसे सांगावे? शर्यतींचे आकडे असे असतात. निकाल सांगतात, कारण सांगत नाहीत.

कारणाचा माग काढावयाचा तर प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मोटारगाडीच्या शर्यतीत चालक आसनाला घट्ट बांधलेला असतो. गाडीच्या वजनापुढे त्याचे वजन किरकोळ. सुपरबाइकचे किमान वजन १६८ किलो ठरविलेले आहे, आणि शिरस्त्राण व चामडी पोशाखासह स्वाराचे वजन त्याच्या जवळजवळ निम्म्याला जाते. हा भार स्थिर नसतो. वळणावर स्वार आसनावरून आतल्या बाजूस लोंबकळतो, गुडघा जमिनीला टेकवितो, कोपरही टेकवितो. ब्रेक दाबताना मागे सरतो, वळणातून बाहेर पडताना पुढे झुकतो. अर्थात यंत्राचा गुरुत्वमध्य कोठे असावा हे कारखान्यातील अभियंता एकदा ठरवितो आणि स्वार प्रत्येक वळणावर पुन्हा ठरवितो. ताशी ३०० किलोमीटरच्या घरातला वेग काही सेकंदांत शंभराच्या आसपास आणावयाचा असतो. त्या क्षणी सगळा भार पुढच्या टायरवर येतो, आणि टायरचा जमिनीला टेकलेला भाग तळहाताएवढाच असतो. तो तुकडा अजून किती सोसेल, हे कोणत्याही काट्यावर लिहून येत नाही. ते स्वाराच्या मनगटांना कळते, किंवा कळत नाही. न कळण्याची किंमत हाडांत मोजावी लागते.

म्हणून 'यंत्र चांगले' या शब्दांचा अर्थ सरळ रस्त्यावर वेगवान एवढाच नव्हे. जे यंत्र स्वाराला पुढच्या चाकाची बातमी वेळेवर देते ते चांगले. आता अडचण अशी की, ही बातमी एका स्वाराला ज्या भाषेत कळते त्या भाषेत दुसऱ्याला कळत नाही. भारतातील रसिकाला ही बाजू दिसणे अधिकच कठीण. ग्रेटर नॉयडा येथील बुद्ध मार्गावर २०१३ साली जागतिक सुपरबाइकची फेरी व्हावयाची होती, ती रद्द झाली. तेव्हा इथल्या माणसाला बहुधा पडद्यावरच समाधान मानावे लागते. आणि पडद्यावर सरळ रस्त्यावरचा वेग दिसतो, मनगटातील बातमी दिसत नाही.

या प्रश्नाची खरी परीक्षा अदलाबदलीतच होऊ शकते. आणि एकदा ती अशी चोख झाली की, प्रयोगशाळेत मांडूनही याहून नेटका प्रयोग होता ना. इंग्लंडच्या फोगर्टीने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे डुकाटीवर विजेतेपद मिळविले होते. त्याचे यश डुकाटीचे, असे म्हणणारे पुष्कळ होते. १९९६ साली तो होंडाकडे गेला. त्याच वर्षी अमेरिकेचा जॉन कोसिन्स्की डुकाटीवर होता. वर्षअखेरीस विजेतेपद डुकाटीच्याच कॉर्सरने नेले, दुसरा आला होंडाचा आरन स्लाइट, कोसिन्स्की तिसरा आणि फोगर्टी चौथा. यंत्रवाद्यांनी टाळ्या पिटल्या असतील तर नवल नाही; डुकाटीवरून उतरताच सम्राट चौथ्या पायरीवर आला! पण मग स्लाइटचे काय? तोही त्याच होंडावर होता आणि फोगर्टीच्या पुढे होता. फोगर्टीने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या हेही विसरता येत नाही. म्हणजे यंत्र टाकाऊ नव्हते आणि स्वारही थकलेला नव्हता.

पुढच्या वर्षी दोघांनी एकमेकांची आसने घेतली. फोगर्टी डुकाटीकडे परतला, कोसिन्स्की होंडावर बसला. यंत्रच श्रेष्ठ असते, तर डुकाटीवर बसणारा वर चढावा आणि होंडावर बसणारा खाली यावा. स्वारच श्रेष्ठ असता, तर दोघांचे स्थान होते तेथेच राहावे. घडले ते तिसरेच. १९९७ साली कोसिन्स्की होंडावर विश्वविजेता झाला आणि फोगर्टी डुकाटीवर दुसरा आला. दोघेही वर चढले! वळणातून वेग न सोडता यंत्र वाहून नेण्याची फोगर्टीची धाटणी डुकाटीला मानवे. होंडावर ती तशी जमली नव्हती. कोसिन्स्कीचे नेमके उलट. लग्नाच्या पत्रिकांत छत्तीस गुण जुळवितात तसे काहीतरी येथे जुळावे लागते. आणि ते जुळले आहे की नाही हे, लग्नाप्रमाणेच, नंतर कळते.

जोडीदाराच्या तुलनेने प्रश्न सुटतो असे मानणाऱ्यांनी टॉम साइक्सची कारकीर्द डोळ्यांपुढे ठेवावी. २००९ साली तो यामाहाच्या संघात होता. जोडीला अमेरिकेहून आलेला बेन स्पीज. स्पीजला या स्पर्धेचा पुरा हंगाम नवा, युरोपातील बहुतेक मार्ग अनोळखी. तरी त्याने १४ शर्यती जिंकून विजेतेपद मिळविले. त्याच यंत्रावर साइक्स नववा. पुढील वर्षी स्पीज ग्रां प्रीकडे गेला. यामाहावर कॅल क्रचलो आणि दोन वेळचा विश्वविजेता जेम्स टोसलंड बसले, ते पाचवे आणि नववे आले. यावरून स्पीजचा वाटा किती मोठा होता हे दिसते, यात शंका नाही. परंतु साइक्सला यावरून सामान्य ठरविणारा माणूस तोंडघशी पडला असता. कावासाकीवर गेल्यानंतर २०१२ चे विजेतेपद त्याचे अवघ्या अर्ध्या गुणाने हुकले, २०१३ साली तो विश्वविजेता झाला, आणि २०१४ साली सहा गुणांनी मागे राहिला. नववा आलेला तोच हा माणूस.

मग २०१५ साली त्याच्या शेजारी कावासाकीवर उत्तर आयर्लंडचा जोनाथन रे आला. रेने होंडावर सहा हंगाम काढून १५ शर्यती जिंकल्या होत्या. कावासाकीच्या पहिल्याच हंगामात त्याने १४ जिंकल्या. त्यानंतर २०२० पर्यंत लागोपाठ सहा विजेतीपदे त्याच्या नावावर झाली. असा विक्रम या स्पर्धेत दुसऱ्या कोणाचा नाही. येथे दोन्ही तटांना आनंद व्हावा. होंडावर सहा वर्षांत १५ आणि कावासाकीवर एका वर्षात १४, यावरून यंत्राची थोरवी सिद्ध होते. आणि त्याच कावासाकीवर साइक्स मागे पडला, यावरून स्वाराची.

या यशाने नियम करणाऱ्यांची मात्र झोप उडाली. एकच जोडी पुन्हा पुन्हा जिंकू लागली की प्रेक्षक कंटाळतात आणि इतर कारखाने अंग काढून घेतात. काहीतरी उपाय हवा. पण उपाय कोणावर, यंत्रावर की स्वारावर? चहाच्या टेबलावर वादापुरता असलेला प्रश्न येथे कायद्याच्या चौकटीत येऊन बसला. २०१७ साली असे ठरले की, पहिल्या शर्यतीतील पहिल्या तिघांनी दुसऱ्या शर्यतीत तिसऱ्या रांगेतून निघावे. हा बोजा उघडच स्वारावर होता. रेने तिसऱ्या रांगेतून वाट काढून विजेतेपद मिळविले. मग २०१८ साली इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर कारखानावार मर्यादा आली आणि कावासाकीची मर्यादा बरीच खाली ठेवली गेली. रेने त्या वर्षी १७ शर्यती जिंकल्या. फेरे कापून त्याचा वेग फारसा कापला गेला नाही, कारण तो वेग बहुतांशी फेऱ्यांत नव्हताच.

तथापि लगेच दुसऱ्या वर्षी तराजूचे दुसरे पारडे खाली आले. २०१९ साली डुकाटीने चार सिलिंडरांचे नवे यंत्र आणले आणि त्यावर ग्रां प्रीहून आलेला स्पेनचा आल्वारो बाउटिस्टा बसविला. त्याने पहिल्या ११ शर्यती ओळीने जिंकल्या. सरळ रस्त्यावर ते यंत्र इतरांना मागे टाकताना पाहून डुकाटीचे २५० फेरे कमी करण्यात आले. पुढे मात्र बाउटिस्टा पुन्हा पुन्हा पडू लागला. ज्या हंगामाचा निकाल वसंतातच लागल्यासारखा वाटत होता, तो रेने अखेरीस मोठ्या अंतराने जिंकला. या पडण्याचे खापर कापलेल्या फेऱ्यांवर फोडणे अन्यायाचे होईल; फेरे कमी झाले म्हणून पुढचे चाक घसरत नाही. डोक्यावरचे दडपण, समोर कधीही न चुकणारा प्रतिस्पर्धी आणि पुढच्या चाकावरचा उडू लागलेला विश्वास, या गोष्टींना नियमपुस्तकात कलम नसते.

बाउटिस्टाची पुढील कहाणी या वादात फार मोलाची आहे. २०२० साली तो होंडाकडे गेला. होंडाचे यंत्र नवे कोरे, सामर्थ्यात कोणाला हार न जाणारे. दोन हंगामांत बाउटिस्टाला त्यावर एकही शर्यत जिंकता आली नाही. इकडे त्याच्या मागे डुकाटीवर बसलेला स्कॉट रेडिंग शर्यती जिंकत होता, पण विजेतेपद त्याच्या हाती लागेना; एका वर्षी दुसरा, दुसऱ्या वर्षी तिसरा. २०२२ साली बाउटिस्टा डुकाटीकडे परतला आणि विश्वविजेता झाला. २०२३ साली तर त्याने ३६ पैकी २७ शर्यती जिंकल्या. त्याच्याविना ते यंत्र दुसरे-तिसरे, त्या यंत्राविना तो दहाव्या स्थानाच्या आसपास, आणि दोघे एकत्र आले की अजिंक्य.

आता प्रतिस्पर्ध्यांनी नवीनच मुद्दा काढला. बाउटिस्टा अंगाने लहानखुरा आहे. हलक्या स्वारामुळे यंत्र चटकन वेग घेते, म्हणून त्याच्यावर वजन लादावे. घोड्यांच्या शर्यतींत सरस घोड्याच्या खोगिरात शिसे घालतात, हे महालक्ष्मीच्या वा पुण्याच्या मैदानावर गेलेल्यांना ठाऊक आहेच. २०२४ पासून सुपरबाइकमध्येही असा नियम झाला की, स्वार ठरावीक वजनाहून जेवढा हलका, त्या मानाने काही भार त्याच्या यंत्रावर चढवावा. या नियमाच्या न्याय्यतेबद्दल दोन मते संभवतात. लहानखुऱ्या माणसाला तेच अवजड यंत्र एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर लोळविण्यास अधिक कष्ट पडतात, याचा हिशेब कोणी मांडला नाही. उंच स्वाराला त्याच्या लांब हातांबद्दल दंड भरावा लागल्याचे तर ऐकिवात नाही. पण एक गोष्ट या नियमाने नकळत कबूल केली. स्वाराचे शरीर हा यंत्राचाच एक सुटा भाग आहे, असे कायद्याने मानले गेले!

ग्रां प्रीच्या क्षेत्रातील व्हॅलेंटिनो रॉसीचे उदाहरण या वादात हटकून निघते, म्हणून त्याचा नुसता उल्लेख पुरे. होंडाचे यंत्र जिंकते, रॉसी नव्हे, अशी कुजबुज ऐकून तो २००४ साली यामाहाकडे गेला. यामाहाला १९९२ नंतर सर्वोच्च वर्गाचे विजेतेपद मिळाले नव्हते. दक्षिण आफ्रिकेतील वेल्कम येथे पहिलीच शर्यत त्याने जिंकली आणि वर्षअखेरीस विजेतेपदही. ही कथा सांगणारे दोन तपशील बहुधा गाळतात. एक म्हणजे जेरेमी बर्जेस हा त्याचा मुख्य तंत्रज्ञ होंडा सोडून त्याच्याबरोबर आला होता. दुसरे असे की, मासाओ फुरुसावा यांच्या देखरेखीखाली यामाहाने इंजिनातील स्फोटांचा क्रमच बदलून रॉसीच्या मनगटाला रुचेल असे यंत्र करून दिले होते. पुढे २०११ आणि २०१२ साली तोच रॉसी, तोच बर्जेस, डुकाटीवर गेले. दोन वर्षांत एक विजय नाही.

इतके झाल्यावर एखाद्याला वाटेल की, स्वार आणि यंत्र यांचे जुळणे हेच सर्वस्व. स्वतंत्रपणे कोणालाच किंमत नाही. तुर्कस्तानच्या तोप्राक राझगातलीओग्लूने या मताला चांगलाच धक्का दिला. आलान्या गावचा हा तरुण. वडील एका चाकावर मोटारसायकल चालविण्याच्या कसरतींसाठी नावाजलेले. त्यांच्या तालमीत वाढलेल्या मुलाने ब्रेक दाबून मागचे चाक हवेत उचलण्याची खुबी शर्यतीत आणली. प्रतिस्पर्धी ब्रेक दाबतात त्याच्याही पुढे जाऊन तो दाबतो, मागचे चाक अधांतरी असताना यंत्र सरळ राखतो आणि वळणात शिरतो. २०२१ साली यामाहावर विजेतेपद मिळवून त्याने रेची सहा वर्षांची सत्ता संपविली. २०२४ साली तो बीएमडब्ल्यूकडे गेला, तेव्हा पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. बीएमडब्ल्यू २००९ पासून या स्पर्धेत होती, मध्ये काही काळ तिने माघारही घेतली होती. दोन वेळचा विश्वविजेता कॉर्सर, माजी विजेता साइक्स, असे नाणावलेले स्वार त्या यंत्रावर बसून गेले. त्यांना एकही शर्यत जिंकता आली नव्हती. मार्को मेलांद्रीने २०१२ च्या सुमारास काही शर्यती जिंकल्या खऱ्या, पण विजेतेपद कोणालाच मिळाले नव्हते. तोप्राकने पहिल्याच हंगामात १८ शर्यती जिंकल्या, त्यांपैकी १३ ओळीने, आणि मध्ये जायबंदी होऊन सहा शर्यतींना मुकूनही तो विश्वविजेता झाला.

हा तर स्वाराचा निर्विवाद विजय! जवळजवळ तसेच, पण अगदी तसेच नव्हे. मागे पडलेल्या कारखान्यांना मिळणाऱ्या खास सवलतींखाली बीएमडब्ल्यूला त्या वर्षी सांगाड्यात फेरफार करण्याची मुभा होती. तोप्राक इस्पितळात असताना फ्रान्समधील मान्यी-कूर येथे त्याचा जोडीदार मायकेल व्हान डर मार्क यानेही त्याच यंत्रावर एक शर्यत जिंकली. २०२५ च्या हंगामापूर्वी ती मुभा काढून घेण्यात आली. तोप्राकने विजेतेपद राखले, मात्र या खेपेस डुकाटीच्या निकोलो बुलेगाने त्याला शेवटपर्यंत झुंजविले.

तोप्राक यामाहावरून उतरला तेव्हा त्याच्या रिकाम्या आसनावर बसला तो खुद्द जोनाथन रे. नऊ वर्षे एकाच कावासाकीवर घालवून, सहा विजेतीपदे आणि ११९ विजय पदरी बांधून, वयाच्या ३७ व्या वर्षी त्याने घोडा बदलला. यामाहाचे यंत्र मरतुकडे नव्हते. त्यावरच तोप्राक विश्वविजेता झाला होता, आणि २०२५ साली आसेन येथे रेचा जोडीदार आंद्रेआ लोकाटेल्ली त्यावरच जिंकला. परंतु २०२४ च्या साऱ्या हंगामात रे फक्त एकदा पहिल्या तिघांत आला आणि गुणतालिकेत तेरावा राहिला. पुढच्या हंगामापूर्वी फिलिप आयलंडच्या सरावात पडून त्याच्या पायाची हाडे मोडली. २०२५ च्या अखेरीस तो निवृत्त झाला. यामाहावर त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही.

तोप्राक २०२६ साठी ग्रां प्रीत गेला, आणि तोही यामाहावरच. तेथील यंत्र वेगळे आहे, आणि टायर सुपरबाइकच्या सवयीचे पिरेली नसून मिशेलिनचे आहेत. मागचे चाक हवेत ठेवून वळणात शिरण्याची त्याची खुबी पुढचा टायर सोसतो की नाही, हे आता त्याला प्रत्येक वळणावर नव्याने शिकावे लागत आहे.